मातीचे धरण, लहान : धोकावर्ग व सुरक्षितता

मातीच्या लहान धरणाचा धोकावर्ग भरावाच्या स्थितीवरून ठरत नाही. धरण फुटल्यास खाली किती जीवित व वित्तहानी होईल, यावरून ठरतो. पायथ्याखाली नवी चाळ उभी राहिली, की भराव तसाच असूनही वर्ग चढतो. कारखान्यांमुळे वस्ती झपाट्याने वाढलेल्या सिल्वासाच्या परिसरात हे विशेष ध्यानी घ्यावे लागते. तेथे दमणगंगेवरचे मधुबन धरण मोठे व सरकारी आहे. खासगी बांधाची राखण मात्र मालकावरच असते. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मी.हून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मी. उंचीचे धरण माथ्याची लांबी किमान ५०० मी. किंवा साठा किमान १० लाख घ.मी. यांसारखी एखादी अट पुरी करत असल्यास त्यात येते. त्याहून लहान बांध कायद्याबाहेर राहतात, ही गंभीर उणीव होय.

धोक्याची चाहूल पायथ्याशी लागते. नितळ पाझर सहसा चालतो. तो गढूळ झाला, की आतली माती वाहू लागली असे समजावे. खेकड्या-घुशींची बिळे आणि झुडपांनी बुजलेला सांडवा पावसाळ्यापूर्वीच पाहावा, कारण माथ्यावरून पाणी गेले की मातीचा भराव टिकत नाही. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाच्या गळतीबद्दल ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटले आणि खालच्या भेंदवाडीतील वीसच्या आसपास माणसे दगावली.