पन्हाळ्याची कॉफी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेपासून पन्हाळा अवघा वीसेक किलोमीटर. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४-१९२२) त्या डोंगरी मुलखात चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. कॉफी काही इथली झाली नाही. त्यांनीच १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरीची गूळपेठ मात्र नावारूपाला आली.

हा फरक निव्वळ हवामानाचा मानणे सोयीचे असले, तरी पुरेसे नाही. कॉफीचे झाड फळावर यायला तीन-चार वर्षे घेते. तोवर जमिनीच्या तुकड्यावर जगणाऱ्या कुणब्याने खायचे काय? ऊस वर्ष-दीड वर्षात हाती येतो, रस गावच्या गुऱ्हाळात आटतो, आणि १८९१ पासून रेल्वेही दाराशी होती. कॉफीचा भाव मात्र दूरच्या बंदरांत ठरतो. मुलतातुलीच्या 'माक्स हाफेलार' (१८६०) या डच कादंबरीचे मर्म हेच आहे: राबतो जावाचा शेतकरी, हिशेब होतो ॲमस्टरडॅममध्ये. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटापद्धत मोडली, तेव्हा गडगडलेल्या भावांनी आडवळणाच्या लहान उत्पादकांनाच अधिक पोळले.

म्हणूनच शेतीचा इतिहास वाचताना काय पेरले एवढेच विचारून भागत नाही. सौदा कुठे झाला आणि तिथे शेतकरी हजर होता का, हेही विचारावे लागते.