नावेचा दोर कुणी सोडला?

मंडळी, इंग्लंडात नॉरफोकच्या तळ्यांकाठी नावा बांधणाऱ्यांची तीन पोरं राहतात. कुणीतरी बांधलेल्या नावांचे दोर सोडतं, आणि गाव बोट दाखवतं ते यांच्याकडं! आर्थर रॅन्समच्या १९४० सालच्या ‘द बिग सिक्स’ची ही गोष्ट. गुरुजनहो, वर्गात पाटी हरवली की आपलं बोट कुणाकडं जातं? पोरं सोबत्यांसह माग काढतात, अंधारात दबा धरून फोटो घेतात, तेव्हा खरा चोर सापडतो.

गंमत म्हणजे ती तळीही फसवीच. सारे त्यांना निसर्गाची देणगी मानीत. १९५० नंतर जॉइस लॅम्बर्टबाईंनी तिथं जमिनीत खोल भोकं पाडून माती तपासली. तळ्यांचे बुडालेले काठ उभे कातलेले निघाले! मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट नावाची जळाऊ माती खणली होती. पाणी त्या खड्ड्यांत मागून भरलं.