‘मध्यम ठेवा’ : न्हाव्याच्या खुर्चीत बसून स्वतःचे केस स्वतः ठरवण्याचा इतिहास

१/ भिवंडीतील एखादे सलून, संध्याकाळची वेळ. खुर्चीत बसलेला तरुण मोबाइलवरील छायाचित्र पुढे करतो आणि म्हणतो, ‘असे करा.’ कारागीर उत्तर प्रदेशातला, गिऱ्हाईक आगरी, बाकावर नंबर लावून बसलेला यंत्रमाग कामगार तेलुगू. कोणालाही यात काही विशेष वाटत नाही. परंतु आपले केस कसे कापावेत हे पुरुषाने स्वतः सांगणे, ही मराठी मुलखात फार जुनी गोष्ट नाही.

२/ गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. वस्तरा, कातर, चिमटा, नराणी आणि आरसा ठेवलेली धोकटी काखेत घेऊन तो गिऱ्हाइकाच्या ओसरीवर जाई. मोबदला प्रत्येक वेळी रोख मिळत नसे. सुगीला धान्याच्या रूपाने वर्षाचे बलुते मिळे. त्यामुळे ‘अमुक पैशांत अमुक प्रकारचे केस’ असा व्यवहारच नव्हता. न्हावी ठरलेला, घरे ठरलेली आणि डोक्याचा आकारही बहुतांशी ठरलेला.

३/ तो आकार जात, वय आणि प्रसंग ठरवत. लहान मुलाचे जावळ, मुंजीतील क्षौर, वडील वारल्यावर मुलाने केलेले मुंडण, कोणत्या वारी आणि तिथीला वस्तरा लावू नये याचे संकेत, या सर्वांत व्यक्तीच्या आवडीला जागा अल्प होती. डोके पाहून माणूस कोण, त्याच्या घरी काय घडले, हे गावाला कळे.

४/ जुन्या मराठीतील केसांचे शब्दही हेच सांगतात. शेंडीभोवती राखलेले केसांचे वर्तुळ म्हणजे ‘घेरा’. तासलेल्या डोक्याच्या कडेने ठेवलेली केसांची पट्टी म्हणजे ‘संजाब’. हे शब्द फॅशनचे नव्हते, ओळखीचे होते. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिकलेल्या तरुणाने सबंध डोक्यावर केस वाढवले, की घरात वाद पेटे. वाद केसांच्या लांबीचा नसे. डोक्यावर सत्ता कोणाची, याचा असे.

५/ ज्यांना ‘नको’ एवढेही म्हणता येत नसे, अशांत पहिल्या होत्या उच्चवर्णीय विधवा. पती वारला की केशवपन. तिची इच्छा कोणी विचारत नसे. १८९० मध्ये मुंबईत नकार आला तो वस्तरा धरणाऱ्या हातांकडून. ठाण्यात जन्मलेले सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार झाला. ज्या कामाचे पैसे मिळत, तेच काम अन्याय्य म्हणून नाकारणे ही मोठी गोष्ट होती.

६/ परंतु नकाराची दुसरी, कटू बाजूही होती. साताऱ्यात शाळेत जाणाऱ्या भीमराव आंबेडकरांच्या घरी मुलांचे केस थोरली बहीण कापत असे. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही. त्यांना द्यायला पैसे नव्हते असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावण्यास एकही न्हावी तयार नव्हता. भावंडांवरच सराव करून बहीण या कामात तरबेज झाली, अशी आठवण बाबासाहेबांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवली.

७/ हा दोष एकट्या न्हाव्याच्या माथी मारणे सोपे, पण अपुरे आहे. अस्पृश्याचे केस कापणाऱ्या न्हाव्याला सवर्ण घरे आपल्या ओसरीवर येऊ देत नसत आणि त्याचे बलुते बुडे. जातिव्यवस्था वस्तऱ्यावरही पहारा ठेवून होती आणि न्हावी स्वतः त्याच उतरंडीत खालच्या पायरीवर उभा होता.

८/ शहर वाढले तसे हे चित्र हलू लागले. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे यांनी गावोगावची माणसे एकत्र आणली. न्हावी घरी जाण्याऐवजी गिऱ्हाईक दुकानात येऊ लागले. इंग्रजीतून ‘सलून’ हा शब्द आला, खुर्ची आली, समोर मोठा आरसा आला. काम सुरू असताना माणूस स्वतःला सबंध पाहू लागला. रोख पैसे देणाऱ्याला पसंती सांगण्याची मुभा मिळाली आणि आधी आलेल्याचा नंबर आधी, हा नियम रुळला. मात्र दारातून आत कोणी यावे, हा प्रश्न शिल्लकच होता.

९/ २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा झाली. दुकाने, उपाहारगृहे अशा जागी कोणालाही मज्जाव नसावा, असे ते कलम. आज ते अनुच्छेद १५ म्हणून ओळखले जाते. ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : मागणाऱ्या कोणालाही सेवा देण्यास मालक जिथे तयार असतो, ते दुकान. हा शब्द केवळ आत प्रवेश देण्यापुरता नाही, तर सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थाने वापरला आहे. साताऱ्यातील ज्या मुलाला न्हावी मिळाला नव्हता, तोच आता देशासाठी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ सांगत होता.

१०/ पुढे १९५५ च्या अस्पृश्यता निवारण कायद्याने शंकेला जागा ठेवली नाही. त्यातील ‘दुकान’ या शब्दाच्या व्याख्येत लाँड्री आणि केशकर्तनालय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कायदा झाल्याने प्रत्येक गावातील खुर्ची लगेच मोकळी झाली नाही. पण नकार हा आता रिवाज राहिला नाही, गुन्हा ठरला.

११/ खुर्ची मिळाली, तरी मनातले केस सांगायला शब्द हवे होते. ‘बारीक करा’, ‘मध्यम ठेवा’ यांत निश्चित माप नाही. ही उणीव सिनेमाने भरली. दिलीपकुमारची कपाळावरची झुलपे, सत्तरच्या दशकातील कान झाकणारा ‘बच्चन कट’, २००३ चा ‘तेरे नाम’, २००८ चा ‘गजनी’. नटाचे किंवा चित्रपटाचे नाव उच्चारले की काम झाले. जिथे उर्दू, मराठी, तेलुगू आणि भोजपुरी एकाच बाकावर बसतात, त्या भिवंडीसारख्या गावात असे नाव सर्वांना समजणारा शब्द ठरले.

१२/ दुसरा सर्वांना समजणारा शब्द मशीनने दिला. मशीनला लावायच्या कंगव्याचा ‘एक नंबर’ म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, ‘दोन’ म्हणजे ६, ‘चार’ म्हणजे १३. ‘बाजूला दोन नंबर, वर दोन बोटे ठेवा, कल्ले कानाच्या मध्यापर्यंत, मान मागून गोल’ एवढे सांगितले, की कारागिराला जवळपास सगळे कळते. उरलेले त्याने विचारावे : भोवरा कुठे आहे, भांग कोणत्या बाजूला पडतो, केस दाट की विरळ.

१३/ छायाचित्र हा या मालिकेतील सर्वांत नवा शब्द. त्यातही एक फसगत आहे. चित्रातले केस दुसऱ्याच्या डोक्यावरचे असतात. म्हणून जाणता कारागीर मोबाइल पाहतो, मग डोक्यावरून हात फिरवतो आणि ‘हे तुम्हाला बसणार नाही’ असेही सांगतो. हा नकार वेगळा. त्यात गिऱ्हाइकाची जात नसते, फक्त त्याचे केस असतात.

१४/ घेरा आणि संजाब हे शब्द आज शब्दकोशात उरले आहेत. भिवंडीच्या सलूनमध्ये मात्र कोणीही येतो, नंबर लावतो, आरशात पाहतो आणि आपल्याला काय हवे ते सांगतो. साताऱ्यातील एका घरात थोरल्या बहिणीला हाती कातर घ्यावी लागली होती, ती हे चार शब्द उच्चारायला जागाच नव्हती म्हणून.