कोणती विद्या, कोणत्या नियमांत? मिश्र युद्धकला स्पर्धांतील प्रशिक्षण-निवडीचा इतिहास (१९९३–२०१५)

प्रस्तावना

दोन भिन्न युद्धविद्यांचे जाणकार समोरासमोर आले तर सरशी कोणाची होईल, हा प्रश्न तालमीइतकाच जुना आहे. मिश्र युद्धकला, म्हणजेच मिक्स्ड मार्शल आर्ट्स, या क्रीडाप्रकाराने त्याला व्यावहारिक रूप दिले. स्पर्धकापाशी वेळ मर्यादित असतो आणि उमेदीची वर्षे मोजकी असतात. मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्यूदो, जिउ-जित्सू, किकबॉक्सिंग यांपैकी कशाचा सराव करावयाचा, हा निर्णय चुकल्यास त्याची किंमत दुखापतीच्या व उपजीविकेच्या रूपाने मोजावी लागते. या निवडीचा विचार बहुधा ‘श्रेष्ठ विद्या कोणती?’ अशा स्वरूपात केला जातो. ऐतिहासिक पुरावा पाहता प्रश्नाची ही मांडणीच सदोष ठरते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप या स्पर्धेच्या आधारे या निवडीतील स्थित्यंतरांचा मागोवा घेण्यात आला आहे.

डेन्व्हर, १९९३

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे या स्पर्धेचा पहिला कार्यक्रम झाला. स्पर्धक आठ होते. वजनगट नव्हते, गुण देणारे पंचही नव्हते. सुमो, सवात, तायक्वांदो, मुष्टियुद्ध अशा निरनिराळ्या विद्यांचे प्रतिनिधी त्यात उतरले. अंतिम विजय मिळविला तो सुमारे ८० किलो वजनाच्या रॉयस ग्रेसी या ब्राझिलियन तरुणाने. प्रतिस्पर्ध्याला बिलगावे, जमिनीवर न्यावे, जखडावे आणि हार मान्य करावयास लावावी, हा त्याचा क्रम होता. त्याच्या घराण्याची विद्या मुळात जपानी होती. कोदोकान ज्यूदोचा खेळाडू मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला. त्याच्या परंपरेतून ग्रेसी बंधूंनी आपली पद्धती घडविली आणि ‘व्हाले तुदो’, म्हणजे ‘काहीही चालेल’, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लढतींत ती पारखून घेतली.

या निकालाचा अर्थ लावताना एक बाब दृष्टिआड करून चालणार नाही. स्पर्धेच्या संस्थापकांपैकी रोरियन ग्रेसी हा विजेत्याचा थोरला भाऊ होता. स्पर्धा हे घराण्याच्या विद्येचे प्रात्यक्षिकही होते. मुष्टियोद्धा आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला आणि जमिनीवर दाबला जाताच त्याने हार मानली. अव्वल दर्जाचा ऑलिम्पिक शैलीचा कुस्तीगीर त्या आठांत नव्हता. अशा जोडींवरून मुष्टियुद्धाची अथवा कुस्तीची योग्यता ठरविणे इतिहासाच्या अभ्यासकाला परवडणारे नाही. तथापि एवढे निश्चित सिद्ध झाले, की अपरिचित डावापुढे बलवान माणूसही हतबल होतो.

चितपटाची कल्पना आणि तिचे परिणाम

डिसेंबर १९९४ मधील चौथ्या स्पर्धेची अंतिम लढत या दृष्टीने विशेष बोलकी आहे. शंभर किलोंहून अधिक वजनाचा कुस्तीगीर डॅन सेव्हर्न याने रॉयस ग्रेसीला सुमारे पंधरा मिनिटे खाली दाबून ठेवले. कुस्तीच्या मापाने ही लढत केव्हाच संपली होती. प्रत्यक्षात खाली असलेल्या ग्रेसीने पायांचा त्रिकोणी विळखा घालून सेव्हर्नचा गळा आवळला आणि जिंकला.

येथे दोन विद्यांमधील मूलभूत भेद स्पष्ट होतो. कुस्ती कोल्हापूरच्या लाल मातीतील असो वा ऑलिम्पिकच्या गादीवरील, पाठ टेकणे म्हणजे पराभव. मराठीत तर ‘चितपट’ हा शब्दच पराभवाचा पर्याय झाला आहे. जिउ-जित्सूत मात्र पाठीवर पडलेल्याची लढत तेथून सुरू होते. उलट चितपट टाळण्यासाठी पालथे होण्याची मल्लाच्या अंगवळणी पडलेली सवय येथे पाठ आणि गळा दोन्ही प्रतिस्पर्ध्याच्या स्वाधीन करते. आपल्या खेळाचे नियम मल्लाच्या शरीरात इतके मुरलेले असतात, की नवे डाव शिकण्यापेक्षा जुनी सवय मोडणे अधिक कठीण जाते.

हा धडा कुस्तीगिरांनी लवकर घेतला. सेव्हर्नने एप्रिल १९९५ मध्ये पाचवी स्पर्धा जिंकली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये उतरलेला मार्क कोलमन जुलै १९९६ मध्ये विजेता ठरला आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये पहिला हेवीवेट विजेता बनला. दुहेरी पट काढून पाडावयाचे, वर बसावयाचे आणि ठोसे व डोक्याच्या धडका द्यावयाच्या, ही त्याची रीत होती. कुस्तीवाचून तरणोपाय नाही, असे मत त्या वर्षी रूढ झाले असल्यास नवल नाही.

ते मत २७ जुलै १९९७ रोजी डळमळले. किकबॉक्सर मॉरिस स्मिथ याने कोलमनला २१ मिनिटांच्या लढतीत पंचांच्या निर्णयाने हरविले. स्मिथने कुस्तीत कोलमनची बरोबरी करण्याचा प्रयत्नच केला नाही. फ्रँक शॅमरॉकसारख्या सहकाऱ्यांबरोबर सराव करून तो मोजके शिकला: खाली पडल्यावर तग कसा धरावा, प्रतिस्पर्ध्याला थकवावे कसे आणि पुन्हा उभे कसे राहावे. पुढचे काम त्याच्या मूळ विद्येने केले. स्मिथच्या या हिशेबी निवडीचे महत्त्व ग्रेसीच्या विजयाहून कमी नाही. किंबहुना नंतरच्या प्रशिक्षकांनी अधिक अनुकरण केले ते तिचेच.

नियमांचा हात

याच सुमारास नियमही बदलत होते. १९९६ मध्ये अमेरिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाची संभावना माणसांची कोंबड्यांची झुंज अशा आशयाच्या शब्दांत केली होती आणि अनेक राज्यांनी त्यावर बंदी घातली होती. टिकून राहण्यासाठी संयोजकांना शिस्त स्वीकारावी लागली. फेब्रुवारी १९९७ मध्ये वजनगट आले, जुलैत ग्लोव्ह सक्तीचे झाले, ऑक्टोबरमध्ये डोक्याच्या धडकांवर बंदी आली. १९९९ पासून पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि २००० मध्ये न्यू जर्सी राज्याच्या देखरेखीखाली एकसंध नियमावली अमलात आली. प्रत्येक फेरी उभ्यानेच सुरू होत असल्याने सावकाश गळा आवळणाऱ्याचा अवधी घटला आणि ठोसे मारणाऱ्याला पुनःपुन्हा संधी मिळू लागली. धडका गेल्या तशी वर बसणाऱ्या मल्लाची एक धारही बोथट झाली. विद्या त्याच राहिल्या, त्यांचे मोल मात्र बदलले.

कुस्तीचे महत्त्व तरीही टिकले. लढत उभ्याने व्हावी की जमिनीवर, हे ठरविण्याची सत्ता जो पाडू शकतो वा पडणे टाळू शकतो त्याच्याकडे राहते. कॅनडाचा जॉर्जेस सेंट-पिएर मूळचा क्योकुशिन कराटेचा. अमेरिकन महाविद्यालयीन कुस्तीची पार्श्वभूमी त्याला नव्हती. २००४ मध्ये मॅट ह्यूजेस या नामांकित कुस्तीगिराकडून तो हरला होता. मॉन्ट्रियल येथे कुस्तीपटूंबरोबर सराव करीत त्याने हे अंग इतके घडविले, की नोव्हेंबर २००६ मध्ये ह्यूजेसलाच हरवून तो विजेता झाला. कालबाह्य म्हणून ज्याची उपेक्षा झाली होती ते शोतोकान कराटे २००९ मध्ये लियोतो माचिदाच्या रूपाने विजेतेपदाला पोहोचले. त्यालाही सुमो व जिउ-जित्सूच्या अभ्यासाची जोड होती. बीजिंग ऑलिम्पिकची ज्यूदो कांस्यपदक विजेती रोंडा राउझी आपल्या विद्येच्या बळावर अनेक लढती अल्पावधीत जिंकत गेली. १५ नोव्हेंबर २०१५ रोजी मेलबर्न येथे मुष्टियुद्धात मुरलेल्या होली होमने अंतर राखत तिला जवळ येऊच दिले नाही आणि दुसऱ्या फेरीत डोक्यावर मारलेल्या लाथेने लढत संपविली.