सिल्की : नर आणि पिल्लांचे संगोपन

सिल्की ही चीनमध्ये शेकडो वर्षांपासून पाळली जाणारी छोट्या चणीची कोंबडी. मार्को पोलोच्या तेराव्या शतकातील प्रवासवर्णनात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख येतो, तो बहुधा हिचाच. अमेरिकन प्रमाणग्रंथात या जातीची नोंद १८७४ मध्ये झाली. पिसांच्या तंतूंना एकमेकांत अडकवणारे सूक्ष्म आकडे नसल्याने पिसारा लोकरीसारखा मऊ दिसतो. त्यामुळेच तिला उडता येत नाही आणि पावसात ती चिंब भिजते. पायाला चारऐवजी पाच बोटे असतात. कातडी व हाडे काळी असतात. झाबुआच्या कडकनाथमधला काळेपणाही त्याच जनुकीय बदलातून आलेला आहे.

परसातल्या कळपात सिल्कीचे खरे मोल तिच्या खुडूकपणात आहे. वर्षाला साधारण शंभर लहान अंडी एवढेच तिचे उत्पादन. पण एकदा खुडूक झाली की बदकाची अंडी ठेवली तरी ती इमाने रवण पूर्ण करते. कडकनाथ सहसा रवणीला बसत नाही, म्हणून त्याची पिल्ले काढायलाही अशी कोंबडी उपयोगी पडते. मात्र उबवलेल्या पिल्लांपैकी सरासरी निम्मे नर निघतात. वाढीव नरांचे काय करायचे, ते कुठे राहतील की कोणाला द्यायचे, हे अंडी मांडण्याआधीच ठरवावे. या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले की पुढे सगळा कळप त्रास भोगतो.

रवणीची मुदत सुमारे २१ दिवसांची. लहान चणीच्या जातीत कधी एखादा दिवस अलीकडे. एका कोंबडीखाली तिचीच आठ-दहा अंडी पुरेत. सातव्या दिवसानंतर अंधारात बॅटरीच्या उजेडावर अंडे धरले की रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. ज्यात काहीच दिसत नाही ते वांझ अंडे काढून टाकावे. कोंबडी इतकी चिकाटीने बसते की खाणेपिणे विसरते. तिला दिवसातून एकदा उचलून दाणापाण्यावर सोडावे आणि पिसांत उवा-पिसवा नाहीत ना हे तेव्हाच पाहून घ्यावे. पिल्ले फुटल्यावर आणखी एक धोका असतो. आईच्या पोटाखालचे लांब, केसाळ तंतू पिल्लाच्या मानेला किंवा पायाला गुंडाळले जाऊन फास बसतो. म्हणून पोटाजवळची लांब पिसे आधीच कात्रीने कापतात.

आई नसेल तर पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब ठेवून पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करतात. आकड्यापेक्षा पिल्लांकडे पाहावे : दिव्याखाली दाटीवाटी केली तर थंडी, कडेला पळाली तर उष्णता जास्त. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरले तर पाय फाकतात. तांदळाचा भुसा उत्तम. तो ओला राहिला की रक्ती हगवण ठरलेली, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात पिल्ले काढणे टाळलेले बरे. मॅरेक रोगाला ही जात हळवी मानली जाते. त्याची लस पहिल्याच दिवशी, तर मानमोडीची लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या सुमारास देतात. अनेक सिल्कींच्या कवटीचा वरचा भाग घुमटासारखा उंच असतो आणि हाड तिथे पूर्ण जुळलेले नसते. एखादी जोरदार टोच बसली तरी मेंदूला इजा होते. मोठ्या जातीच्या पिल्लांत त्यांना मिसळू नये.

नर-मादी ओळखायला या जातीत फार वाट पाहावी लागते. चार-सहा महिने, कधी त्याहूनही अधिक. नराच्या तुऱ्याचा मांसल भाग रुंद होतो, डोक्यावरच्या झुबक्यातून मागे वळलेली लांब पिसे निघतात आणि एक दिवस घोगरी बांग ऐकू येते. घाईने ‘तलंगा’ म्हणून विकलेली पिल्ले पुढे कोंबडे निघतात, हा वादाचा नेहमीचा विषय.

आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. नर जास्त झाले की माद्यांच्या पाठी उघड्या पडतात, झुबके उपटले जातात आणि अंडी घटतात. हे दिसताच नर वेगळा करावा, पिसे उगवण्याची वाट पाहू नये. चांगला नर दाणा सापडला की स्वतः न खाता टुकटुक आवाज काढून माद्यांना बोलावतो. असाच नर ठेवावा, माणसावर धावून जाणारा नव्हे. झुबका डोळ्यांवर येत असेल तर थोडा छाटावा, कारण न दिसल्यामुळेही तो दचकून टोचतो. उरलेले नर माद्या दिसणार नाहीत अशा वेगळ्या खुराड्यात एकत्र वाढवले, तर बहुधा सलोख्याने राहतात. त्यातला एखादा काढून माद्यांत फिरवून परत आणला की भांडणे पेटतात.

फलन कमी वाटल्यास नर-मादी दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची दाट पिसे छाटतात. मिलनानंतर वीर्य मादीच्या शरीरात दोन आठवडे, कधी अधिक काळ टिकते. त्यामुळे नर बदलल्यावर नव्या नराची पिल्ले हवी असतील, तर तीनेक आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच उबवणीची अंडी जमवायला घ्यावीत.