इंग्लंडमधील नियमनबाह्य बालनिवास

नियमनबाह्य बालनिवास ही इंग्लंडमध्ये स्थानिक परिषदांच्या ताब्यातील मुलांना ठेवण्यासाठी वापरली जाणारी, परंतु बालगृह म्हणून नोंदणी नसलेली व त्यामुळे दीर्घकाळ कोणत्याही तपासणीखाली न आलेली निवासस्थाने होत. वसतिगृहातील खोल्या, अनेकांनी मिळून राहण्याची भाड्याची घरे, एका खोलीच्या सदनिका आणि क्वचित कॅरॅव्हॅन यांचा त्यांत समावेश होत असे. या निवासांबाबत काळजी व्यक्त करणाऱ्यांत स्थानिक परिषदा आघाडीवर होत्या, आणि मुलांना तेथे पाठविणाऱ्याही त्याच होत्या. या विषयातील मुख्य गुंतागुंत येथूनच सुरू होते.

कायदेशीर चौकट

१९८९ च्या बाल अधिनियमानुसार ज्या मुलांना पालक सांभाळू शकत नाहीत किंवा ज्यांना न्यायालयाच्या आदेशाने घरातून दूर करावे लागते, त्यांची जबाबदारी स्थानिक परिषदेवर येते. आपल्या क्षेत्रात अशा मुलांसाठी शक्यतो पुरेशा जागा उपलब्ध राहतील हे पाहण्याचे कर्तव्यही परिषदेचेच आहे. बहुतांश मुले प्रतिपालक कुटुंबांत राहतात. उरलेल्यांपैकी अनेकांना बालगृहात ठेवले जाते.

२००० च्या काळजी मानके अधिनियमाप्रमाणे मुख्यत्वे मुलांना 'काळजी आणि निवास' देणारी संस्था बालगृह ठरते. तिची नोंदणी ऑफस्टेड या शासकीय तपासणी संस्थेकडे करणे बंधनकारक असून नोंदणीविना बालगृह चालविणे हा गुन्हा आहे. मात्र एखादी संस्था काळजी न देता केवळ 'आधार' देत असेल, तर ती या व्याख्येत बसत नसे. घर सोडून स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावरील १६-१७ वर्षांच्या युवकांना स्वयंपाक, पैशांचा हिशेब, नोकरीचा शोध अशा बाबतींत थोडी मदत मिळावी, अशी या सवलतीमागील कल्पना होती. एकट्याने आश्रय मागण्यासाठी आलेली परदेशी किशोरवयीन मुलेही मोठ्या संख्येने येथे ठेवली जात.

यामुळे 'नियमनबाह्य' आणि 'नोंदणीविना' हे दोन शब्द वेगळे ठरतात. पहिल्या प्रकारचा निवास कायद्याच्या कक्षेबाहेर, पण वैध होता. दुसरा बेकायदेशीर आहे. वृत्तपत्रांत या दोहोंची अनेकदा सरमिसळ झालेली आढळते. प्रत्यक्षातही सीमारेषा पुसट होती, कारण 'काळजी' कोठे संपते आणि 'आधार' कोठे सुरू होतो हे बऱ्याचदा संस्थाचालकच ठरवीत.

परिषदांची चिंता

इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या सप्टेंबर २०२० मधील अहवालानुसार २०१८-१९ या वर्षात परिषदांच्या ताब्यातील सुमारे १२,८०० मुलांनी, म्हणजे दर आठ मुलांपैकी एकाने, काही काळ नियमनबाह्य निवासात घालविला होता. गुन्हेगारी टोळ्यांकडून होणारे शोषण, प्रौढ अनोळखी व्यक्तींचा सहवास आणि कर्मचाऱ्यांची तुटपुंजी उपस्थिती या तक्रारी वारंवार समोर आल्या.

परिषदांच्या काळजीला दुसरीही बाजू होती. एका परिषदेने आपले मूल दुसऱ्या परिषदेच्या हद्दीत पाठविले, तर तेथील शाळा, पोलीस व आरोग्यसेवा यांच्यावर भार पडतो. मूल आल्याची सूचना वेळेवर मिळाली नाही, तर त्याच्या सुरक्षिततेची तरतूदही होत नाही. घरे स्वस्त असलेल्या भागांत असे निवास अधिक उघडले जातात.

तरीही परिषदा हेच निवास विकत घेत राहिल्या, कारण पर्याय नव्हता. बालगृहांतील तीन चतुर्थांशांहून अधिक जागा खासगी संस्थांकडे आहेत. स्पर्धा व बाजार प्राधिकरणाच्या मार्च २०२२ मधील अहवालात मोठ्या खासगी बालगृहचालकांचा सरासरी परिचालन नफा २२.६ टक्के असल्याचे नमूद आहे. परिषदांची संघटना असलेल्या लोकल गव्हर्नमेंट असोसिएशनच्या पाहणीनुसार आठवड्याला १०,००० पौंड किंवा त्याहून अधिक खर्चाच्या मुलांची संख्या २०१८-१९ मधील सुमारे १२० वरून २०२२-२३ मध्ये १,५०० च्या पुढे गेली. शुक्रवारी सायंकाळी मुलाला कोठे ठेवायचे हा प्रश्न पडलेल्या अधिकाऱ्याला दर किंवा दर्जा यांवर घासाघीस करण्यास फारसा वाव उरत नाही.

बंदी व नवे नियमन

९ सप्टेंबर २०२१ पासून १६ वर्षांखालील मुलांना नियमनबाह्य निवासात ठेवण्यास मनाई करण्यात आली. १६ व १७ वर्षांच्या मुलांना मात्र तेथे ठेवता येत राहिले. आर्टिकल ३९ या बालहक्क संस्थेने या भेदाला उच्च न्यायालयात आव्हान दिले. ते फेटाळले गेले. पुढे २०२३ च्या विनियमांनी या वयोगटाच्या 'आधारयुक्त निवासां'नाही ऑफस्टेडच्या कक्षेत आणले आणि २८ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीचा अर्ज न करता ते चालविणे गुन्हा ठरला. नेतृत्व, संरक्षण, निवास आणि आधार या चार बाबतींत मानके ठरविण्यात आली. 'काळजी' त्यांत नाही, हा बालहक्क संस्थांचा मुख्य आक्षेप आहे. परिषदांनी नोंदणीचे स्वागत केले; मात्र छोटे चालक व्यवसाय सोडतील व उरलेले दर वाढवतील, अशी भीतीही व्यक्त केली.

बेकायदेशीर बालगृहांचा प्रश्न

बंदीमुळे जागांची टंचाई मिटली नाही. तीव्र मानसिक त्रास असलेल्या किंवा स्वतःला इजा करणाऱ्या मुलांना नोंदणीकृत बालगृहे अनेकदा नाकारतात. अशा मुलांसाठी परिषदा भाड्याचे घर घेऊन तेथे पाळीपाळीने कर्मचारी नेमतात. हे घर कायद्याने बालगृहच असते, परंतु त्याची नोंदणी नसते. 'टी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वेल्समधील परिषदेच्या ताब्यातील मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये असा निर्णय दिला की, अन्य पर्याय नसेल आणि निकड अटळ असेल, तर उच्च न्यायालय अशा ठिकाणी मुलाचे स्वातंत्र्य मर्यादित करण्यास परवानगी देऊ शकते. या परवानगीने चालकाचा गुन्हा मात्र माफ होत नाही.

बाल आयुक्तांनी परिषदांकडून घेतलेल्या माहितीप्रमाणे १ सप्टेंबर २०२४ रोजी ७७५ मुले नोंदणी नसलेल्या बालगृहांत होती व त्यांचा सरासरी खर्च प्रतिदिन १,५०० पौंडांहून अधिक होता. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या बालकल्याण व शाळा विधेयकात अशा चालकांना थेट दंड करण्याचा अधिकार ऑफस्टेडला देण्याची तरतूद आहे. त्यापूर्वी ऑफस्टेडपुढे मुख्यतः फौजदारी खटल्याचा मार्ग होता, आणि तो क्वचितच वापरला जाई.