पाण्याच्या सूक्ष्म थेंबातील प्रथिने : एका प्रयोगपद्धतीचा इतिहास



प्रयोगशाळेत तुम्ही एखाद्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, सक्रियता मोजता तेव्हा परीक्षानळीत त्याचे अब्जावधी रेणू एकाच वेळी काम करत असतात. हाती येणारा आकडा ही त्या सर्वांची सरासरी असते. आता एक प्रश्न पाहा. विकराचे द्रावण थोडा वेळ तापवले आणि त्याची सक्रियता निम्मी झाली. म्हणजे प्रत्येक रेणू निम्म्या वेगाने काम करू लागला, की निम्मे रेणू पूर्ण बंद पडले आणि उरलेले पूर्वीसारखेच राहिले? दोन्ही बाबतींत सरासरी सारखीच येते. परीक्षानळी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

रॉटमन यांचा प्रयोग (1961)

बोरिस रॉटमन यांनी हे उत्तर थेंबांत शोधले. त्यांनी बीटा-गॅलॅक्टोसिडेज या विकराचे अतिशय विरल द्रावण सिलिकॉन तेलात फवारले. थेंब इतके लहान होते, की बहुतेकांत विकराचा एकही रेणू नव्हता आणि काहींत एखादाच होता. द्रावणात असा पदार्थ मिसळला होता, की विकराने तो तोडला की चमकणारे रेणू तयार होत. काही तासांनी सूक्ष्मदर्शकातून थेंबांची चमक मोजण्यात आली.

लहान थेंबाचा फायदा गणिताने समजून घ्या. 15 मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबाचे आकारमान सुमारे 1.8 पिकोलिटर असते. 1 मिलिलिटर पाण्यातून असे 50 कोटींहून अधिक थेंब होतील. म्हणजे एका रेणूने तयार केलेला पदार्थ 1 मिलिलिटरमध्ये पसरण्याऐवजी एका थेंबातच अडकला, तर त्याची संहती 50 कोटींहून अधिक पट वाढते. म्हणूनच एका रेणूचे काम दिसू शकते.

तापवलेल्या विकराबाबत रॉटमन यांना आढळले, की सक्रिय रेणूंची संख्या घटली होती. जे उरले होते ते पूर्ण क्षमतेने काम करत होते. वरील प्रश्नाचे उत्तर असे मिळाले.

मात्र हे उत्तर अंतिम समजू नका. 1995 मध्ये शुए आणि युंग यांनी बारीक केशनलिकेत एकेक रेणू मोजला, तेव्हा एकाच विकराच्या वेगवेगळ्या रेणूंचा वेग वेगवेगळा आढळला.

थेंब प्रथिनाला बदलतो का?

इथे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. तीन परिणाम वेगळे ओळखा.

पहिला, संचयाचा. रॉटमन यांच्या थेंबात हाच मुख्य होता. यात प्रथिन बदलत नाही. बदलते ती आपली मोजण्याची क्षमता.

दुसरा, खऱ्या बंदिस्तपणाचा. प्रथिनाचा आकार काही नॅनोमीटर असतो. 15 मायक्रोमीटरच्या थेंबात ते मोठ्या मैदानात ठेवलेल्या चेंडूसारखे मोकळेच असते. पण पोकळीही काही नॅनोमीटरची असेल, तर उलगडलेल्या लांब साखळीला पसरायला जागा मिळत नाही आणि घडी घातलेली रचना तुलनेने अधिक टिकते. झाउ आणि डिल यांनी 2001 मध्ये हा विचार सैद्धांतिक रूपात मांडला. त्याच वर्षी एगर्स आणि व्हॅलेंटाइन यांनी सिलिकाच्या सूक्ष्म छिद्रांत प्रथिने अडकवून पाहिली. काही प्रथिने उष्णतेला अधिक टिकली, पण अपोमायोग्लोबिनची घडी बरीचशी उलगडली. भिंतीलगतच्या पाण्याचे गुणही महत्त्वाचे असतात, हा त्याचा अर्थ.

तिसरा, पृष्ठभागाचा. गोलाचा व्यास जितका कमी, तितके पृष्ठभागाचे आकारमानाशी प्रमाण जास्त. 1 मिलिलिटरच्या गोल थेंबापेक्षा 15 मायक्रोमीटरच्या थेंबात ते 800 पटींहून अधिक असते. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर अनेक प्रथिने चिकटतात, उलगडतात आणि निकामी होतात. म्हणून तेलात योग्य पृष्ठसक्रियक मिसळून या सीमेवर संरक्षक थर तयार करावा लागतो.

पुढचा टप्पा

1998 मध्ये डॅन टॉफिक आणि अँड्र्यू ग्रिफिथ्स यांनी थेंबाला पेशीचे काम दिले. एका थेंबात एक जनुक आणि त्यापासून प्रथिन तयार करणारी सामग्री ठेवली. प्रथिन आपल्या जनुकाजवळच राहते. त्यामुळे चांगले प्रथिन निवडले की त्याचे जनुकही हाती येते. लाखो प्रकारांतून हवे ते विकर निवडण्याची वाट यातून मोकळी झाली.

लक्षात ठेवा : थेंबातील निकाल वाचताना आधी थेंबाचा आकार पाहा, मग त्याची सीमा पाहा. त्यानंतरच प्रथिनाविषयी निष्कर्ष काढा.

स्वाध्याय

1. थेंबाचा व्यास निम्मा केला तर त्यातील एका रेणूच्या उत्पादनाची संहती किती पट वाढेल?
2. थेंबात एखाद्या विकराची सक्रियता कमी आढळली. वरील तीनपैकी कोणत्या परिणामाची शंका तुम्ही आधी घ्याल? ती तपासण्यासाठी कोणता प्रयोग कराल?